नसरीनचे वयात येणारे उंदीर

नसरीनच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयाचं कुलूप उघडत होते. "ताई, आपा गेली... दुपारच्या नमाजनंतर नेतो. जमन तं या." चांदाफोर्ट स्टेशनवरून मिळाली त्या गाडीनं तिचं गाव वडसा गाठलं. आतल्या खोलीत बायकांनी तिला आंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं आणि तिची अम्मी कापसाच्या बोळ्यानं कफनाला अत्तर लावत होती. "अहो, तिला अत्तर चालत नाही," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळले. रडू मात्र आवरलं नाही.

अत्तर तिला नव्हे, तिच्या उंदरांना चालायचं नाही. चंद्रपूरला आमच्या कॉलेजात ती औषधशास्त्र शिकवायची, आणि उरलेला सगळा वेळ उंदरांच्या खोलीत, त्यांच्यावर दारूचा परिणाम तपासत. घर शिंप्यांचं, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे कपडे त्यांच्याकडे शिवायला यायचे. ईदला सगळं घर घमघमायचं आणि ही बिनवासाच्या साबणानं न्हाऊन कोपऱ्यात उभी. "उंदीर नाकानं वळखते माणसाले," ती सांगायची. "आज गुलाब, उद्या केवडा, तं थो घाबरन. मंग थो दारूनं बिघडला का माह्या वासानं, हे कसं कळन?" अब्बा हसून म्हणत, "पोरगी उंदराईच्या घरी नांदून राह्यली." ते गेले तेव्हाही वडशाहून परतल्यावर कापराचा वास अंगावरून उतरेपर्यंत तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. उंदरांचं वयात येणं मोजक्या आठवड्यांचं असतं, ते कोणासाठी थांबत नाही. ती तुकडी तशीच मोठी होऊन गेली. तिनं नव्या पिल्लांपासून पुन्हा सुरुवात केली.

ती नेमकं काय शोधत होती, हे मला, पुस्तकं लावणाऱ्या बाईला, तिनं कँटीनमध्ये समजावलं होतं. वयात येणाऱ्या उंदराला दारू दिली तर तो मोठ्या उंदरापेक्षा कमी झोकांड्या खातो, उशिरा सुस्तावतो. असं का? वयात येताना नरमादीच्या अंगात जी संप्रेरकं उसळतात, त्यांचा यात हात किती, आणि नरात वेगळा नि मादीत वेगळा का, एवढाच तिचा प्रश्न. तिच्या मार्गदर्शकांनी सुचवलं, माद्या सोडा, त्यांचं अंग दिवसागणिक बदलतं, हिशेब लागत नाही. "बदलते म्हणूनच तं पाहाचं हाय, सर," ही म्हणाली, आणि रोज सकाळी एकेका मादीचा स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसू लागली. त्यापायी पीएचडी रखडली. हट्टी होती, अगदी वैताग यावा इतकी. प्रश्न अर्धामुर्धाच सुटला. पण उंदरावरून कोणी माणसाबद्दल ठोकून द्यायला लागलं की तीच आधी अडवायची, "उंदीर म्हंजे माणूस नाई, भाऊ."

एकदाच तिनं हा नियम मोडला. कुरखेड्याजवळ आमच्या गावी पुतण्याचं लग्न होतं. आमच्या जिल्ह्यात दारू बंद आहे, म्हणजे कागदावर आहे. मांडवामागं मोहाची चालली होती आणि मिसरूड फुटलेल्या पोरांचं कौतुक, "इतकी पेला, पण पाय हालला नाई! गडी हाय!" आमच्याकडं न डगमगणं ही मर्दुमकी. पोरींकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. माझी लेक चित्रा, अकरावीतली, पंगतीत वरण वाढत होती, थेंबही न सांडता. नसरीनच्या पानाशी ती वाकली, तिच्या तोंडाला मोहाचा वास आला आणि नसरीननं तिच्या हातातली बादली काढून घेतली, तिला शेजारी बसवलं. जाऊबाई म्हणाल्या, "काऊन बसवता? सरळ तं चालून राह्यली."

"सरळ चालते, त्याचंच भेव हाय, बाई. जो पडते, थो थांबते. हे पोरगी अजून पेयन."

गोठ्यामागं पोरींनी बाटली संपवली होती. पंगत उठायच्या आत चित्रा नसरीनच्या मांडीवर कोसळली. हाका मारल्या तरी डोळे उघडेना, हात गार. कोणी म्हणालं, झोपू द्या, उतरेल. नसरीननं तिला कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरून ठेवली आणि जीप मागवली. कुरखेड्याच्या दवाखान्यापर्यंत तिनं तो हात काढला नाही. वाटेत चित्रा ओकली, कुशीवर होती म्हणून श्वास मोकळा राहिला. उताणी निजवली असती तर... डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही आजवर केलेलं नाही.

आता तिच्या जाण्याला महिना होऊन गेला. मला तिची फार आठवण येते, कँटीनमधला चहा नको वाटतो.

गेल्या आठवड्यात गावातच आणखी एक लग्न होतं. भर दुपारी मांडवाच्या कडेला नवरदेवाच्या धाकट्या भावाला घेरून पोरं ओरडत होती, याले काईच होत नाई म्हणून. चित्रानं जेवणाचं ताट बाजूला ठेवलं, त्या घोळक्यात शिरली, त्याच्या हातातला गिलास घेऊन मातीत ओतला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"मले काई झालं नाई, ताई," तो म्हणाला.

"म्हणूनच बसली," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही.