ताटातली सिगारेट

निपाणीत उतरलं की वखारीतल्या तंबाखूचा उग्र वास नाकात शिरतो आणि चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हाचा सुपारी फोडण्याचा कार्यक्रम आठवतो. मी सिगारेट सोडून तेव्हा जेमतेम तिसरा महिना चालू होता. आमच्याकडं अशा कार्यक्रमात पान-सुपारीचं ताट फिरतं आणि त्यात बिड्या, सिगारेटी असतातच. जेवणं नुकतीच उरकली होती, मांडवाचं कापड उन्हानं तापलं होतं, म्हणजे तलफ यायची नेमकी वेळ. मुलीच्या वडलांनी ताट पुढं केलं. मी पान तेवढं उचललं. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझे थोरले चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरातला पयला ग्रॅज्युएट हाय न्हवं, आपलं ताट कुठलं चालतंय त्याला?" मांडव हसला. मग त्यांनीच एक सिगारेट पेटवली आणि माझ्या ओठाला लावली. "वढ रं, पावण्यांचा मान हाय." धूर घशापर्यंत आला, सगळं अंग त्या सिगारेटीकडं ओढ घ्यायला लागलं आणि माझं टाळकं सरकलं. सिगारेट हिसकावून मी चपलेखाली चिरडली. "आप्पा, मानच द्यायचा तर पावण्यांच्या पाया पडतो. ह्यो मान मला नको." "शिकून लई माज आलाय," ते म्हणाले. "व्हय, आलाय," मी म्हणालो आणि पाहुण्यांच्या पाया पडून निघालो. लग्न नीट पार पडलं, पण चुलते अजून बोलत नाहीत. घरचे म्हणतात, जाऊन माफी माग. जाणार नाही. गेलो तर समेटाची म्हणून ते आधी सिगारेटच पुढं करतील, आणि ती दुसऱ्यांदा चिरडता येईल याची मला खात्री नाही.