गुडघ्याचा मान

माझ्या भावाच्या गुडघ्याचा मला हेवा वाटतो. हसा खुशाल. लोक भावाच्या बंगल्यावर जळतात, गाडीवर जळतात. माझा भाऊ जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवा उतरतो आणि मी त्यावर जळते. कारण तो लंगडत बाहेर पडला की भाजीवालीसुद्धा विचारते, "कसा आहे गुडघा?" जसा काही घरी आलेला पाहुणाच! माझ्या उजव्या खांद्याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

आम्ही दोघं एकाच मैदानावर शिकलो. नंदाखाल गावाच्या अलीकडे आमची केळी-नारळांची वाडी आणि वाडीच्या मागे गावच्या मंडळाचं कबड्डीचं मैदान. मी मोठी, म्हणून आधी मी खेळले. तो माझं बघून शिकला. हे त्याच्या एकाही मुलाखतीत आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी आम्ही मातीने भरलेले घरी यायचो. आई रुईच्या पानांना तिळाचं तेल लावायची, तव्यावर गरम करायची आणि भावाच्या ढोपरांना बांधायची. मी शेजारी बसलेली, कोपरं सोललेली. "तुला कशाला? तू घट्ट आहेस," म्हणायची. घट्ट! खांब आहे का मी? मी तोंड फुगवून उठायचे आणि कांदा चिरायला घ्यायचे, कारण तेही मलाच करायचं असायचं.

पुढे मला खेळाडूंसाठी राखीव जागेवर एका कचेरीत नोकरी लागली. अर्धा दिवस फाइली, अर्धा दिवस सराव. तिथल्या महिला संघात मी डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि बाकीच्या धावून येईपर्यंत सोडायचा नाही, एवढंच माझं काम. राज्याच्या संघातूनही खेळले. असंच एकीचा घोटा धरून फरपटत जाताना खांदा निखळला, मग निखळतच राहिला. प्रशिक्षक तो जागेवर बसवायचे, पट्टी गुंडाळायचे आणि म्हणायचे, "चल, आत." मी आत. आता हात कानाच्या वर जात नाही. वेणी घालता येईना म्हणून केस कापून टाकले, तर आई म्हणाली, "या वयात फॅशन सुचली बाईसाहेबांना."

भावाचं नशीब वेगळं. तो तयार झाला तोवर मोठी लीग सुरू झालेली. दूरच्या राज्यातल्या संघाने त्याला उचलला. टीव्हीवर आला. तुळिंजच्या बाजारात त्याचं भलंमोठं पोस्टर लागलं, ते बघायला आई मुद्दाम रिक्षा करून गेली. मला राज्याच्या संघात घेतलं त्या दिवशी तिने विचारलं होतं, "मग रविवारी मसाला कुटायला येणार का नाही?"

त्याचा गुडघा गेला तो लीगच्याच मॅटवर. पकडीत पाय अडकला. अंग फिरलं, पाय फिरला नाही. सूज उतरायच्या आत बाद फेरी आली. संघाच्या डॉक्टरने सुई टोचली, वर पट्टी बांधली आणि उतरवला मैदानात. पुढच्या सामन्याला पुन्हा सुई. दुखत नव्हतं म्हणे. दुखेल कसं, अख्खा पाय बधिर! असं करत करत हंगाम काढले, मग एक दिवस संघाने त्याला मोकळा केला. आता ऐन पस्तिशीत डॉक्टर सांगतात की सांधा झिजलाय, बदलावा लागणार. भावाचं म्हणणं एवढंच होतं की ज्यांनी सुया टोचून खेळवलं, त्यांनी हा गुडघा आपला म्हणावा आणि ऑपरेशन करून द्यावं.

यंदा मंडळाच्या स्पर्धेला त्याच संघाचा मॅनेजर पाहुणा म्हणून येणार होता, नवे चढाईपटू हेरायला. भावाचा निवृत्तीचा सत्कारही त्याच संध्याकाळी ठेवला होता. भावाचा मला फोन. "ताई, तू ये. मला बोलायला जमणार नाही. तू कचेरीतली, तुला साहेबांशी बोलायची सवय आहे." घ्या! खेळाडू म्हणून नाही, कारकून म्हणून बोलावणं. तरी बोळिंजच्या माझ्या घरून रिक्षा करून गेले, चांगली साडी नेसून.

सुरुवात बरी झाली. चहाच्या वेळी मी मॅनेजरला गाठलं आणि सुयांचं सगळं सांगितलं. माणूस मुंबईचाच आणि सभ्य. म्हणाला, "ताई, दुखापत आमच्या सामन्यात झाली असेल तर मी स्वतः वर बोलतो. खेळाडू आमचाच आहे." भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला काय वाटलं सांगू? माझ्या खांद्याला 'आमचाच' म्हणणारा एकही साहेब मला का नाही भेटला, असं वाटलं.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. स्पर्धेची पहिली चढाई जुन्या खेळाडूने करायची. नुसती मानाची. अंगावर शाल, गळ्यात हार, मध्यरेषेला वाकून नमस्कार करायचा आणि 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पलीकडे जायचं. समोरचा संघ हात जोडून बाजूला होतो, की परत यायचं. मला या मानाला कधी कोणी बोलावलेलं नाही. भाऊ निघाला. त्याला वाकता येईना, त्याने उभ्यानेच नमस्कार केला. लोक उठून उभे राहिले, तशी मीही राहिले.

आणि माइकवरच्या काकांना चेव चढला. हे काका मंडळ निघाल्यापासून समालोचन करतात. "मंडळी, आता हा निवृत्त झाला, आता सांगायला हरकत नाही!" मी लांबूनच 'नको, नको' अशी मान हलवली. "लीगच्या करारात याला बाहेर खेळायची सक्त मनाई होती. पण मंडळाची इभ्रत पणाला लागली, तेव्हा हा वाघ गुपचूप घरी आला, सुजलेला गुडघा बांधून याच मातीत अंतिम सामना खेळला आणि चषक आणला! अख्ख्या गावाने तोंडातून ब्र काढला नाही. याला म्हणतात गावाशी इमान!"

टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला. भाऊ मैदानात एका पायावर भार देऊन उभा, चेहरा पांढराफटक. आपण काय करून बसलो हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. काका तर माझ्याकडे बघून हसत होते, कौतुक कसं केलं म्हणून.

मॅनेजरही टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता माझ्याकडे वळला. "ताई, हे तुम्ही बोलला नव्हता."

"गुडघा त्याच्या आधीच गेला होता, तुमच्या मॅटवर. काकाही आत्ता म्हणाले की, सुजलेला गुडघा बांधून."

"असेल. पण आता आमचे लोक म्हणणार, गावच्या मातीत गेला. मी काय बोलू वर?" आणि त्याने काखा वर केल्या. मला तर त्याही करता येत नाहीत.

मी तिथून तडक काकांकडे गेले. "काका, मग मंडळ करून देणार का याचं ऑपरेशन?"

"अगो, आम्ही काय जबरदस्ती केली होती? प्रेमाने खेळला तो!" काका दुखावलेच. "आणि मान नाही दिला का आज?"

दिला ना. शाल दिली, नारळ दिला.

आम्ही वाडीतल्या पायवाटेने घरी निघालो. भाऊ माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालत होता. मध्येच म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो."

मी जागच्या जागी थांबले. "माझा?"

"तुझी कचेरी आहे. त्यांच्यासाठी खेळलीस, त्यांच्यासाठी खांदा घालवलास. उद्या तू दारात उभी राहिलीस तर ही आमची नाही असं त्यांना म्हणता येणार नाही. माझा गुडघा संघाचा नाही, मंडळाचाही नाही. मग माझ्या एकट्याचाच होता का तो?"

हे एक वाक्य ऐकायला माझे कान किती वर्षं आसुसले होते! वाटायचं, त्याने हेवा वाटतो म्हटलं की वाडीभर नाचेन. आनंद झालाही, खोटं कशाला बोलू, चांगला झाला. केळीची एक ओळ संपेपर्यंत टिकला. मग ध्यानात आलं की त्याचा हात माझ्या डाव्या खांद्यावर आहे. तो मुद्दाम माझ्या या बाजूला आला होता. म्हणजे याला माहीत होतं. कचेरीच्या दारात मी कधी उभी राहिले नव्हते, कारण माझंही दुखतं हे मीच कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. घट्ट ना मी!

घरी आई वाटच बघत होती. मंडळाचा स्पीकर वाडीत सगळा ऐकू येतो. "वाघ म्हणाले, ऐकलं मी," ती म्हणाली. भावाने बाकावर पाय लांब केला. आईने गॅसवर तवा ठेवला आणि पानांना तेल लावायला घेतलं. या कामाला ती भावजयीलाही हात लावू देत नाही. मी तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि उजव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

"आई," मी म्हटलं, "आज दोन पानं जास्त टाक."

आईचा हात थांबला. घाबरून तिने बाकाकडे पाहिलं.

"का गो? त्याचा दुसरा पण गेला?"