हडळीला तीट

यंदा सोसायटीत हॅलोविन होतं. संध्याकाळी सुनेने नातीला हडळ केलं: पायघोळ काळा झगा, रंगवलेले ओठ. मग सूचना सुरू झाल्या. "झगा पायात येईल, जपून चाल. पार्किंगमध्ये पळू नकोस. चॉकलेट मला दाखवल्याशिवाय खायचं नाही."

दर दिवाळीला, दर रंगपंचमीला मुलाला असंच बजावून माझी जीभ दमली होती. सण नवा निघाला, धाक मात्र जुनाच.

नात दाराशी गेली, तशी सुनेने धावत जाऊन तिच्या कानामागे काजळाची तीट लावली.

"अगं, हडळीला कोणाची दृष्ट लागणार?"

"असू दे हो, आई."

तिचा तो थकलेला आवाज कधीकाळचा माझाच होता. मी गुडघ्यांवर हात टेकून उठले, चपला घातल्या आणि हडळीच्या मागे निघाले.