गॅरेजमधलं सन्मानचिन्ह

परवा शनिवारी सकाळी ब्रेक बदलायचे एकशे ऐंशी डॉलर ठरले, तेव्हा सनीव्हेलच्या त्या गॅरेजमध्ये आम्ही तिघे होतो: मी, माझी मुलगी आणि आमचा मेकॅनिक.

नऊ वर्षं माझी गाडी तोच बघतो. आधी रक्कम सांगतो, मग बॉनेट उघडतो, आणि सांगितल्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेत नाही. काम करताना पान्याने पत्र्यावर ठेका धरतो. तो स्पॅनिश गाणी लिहितो. ठेका अक्षरं मोजण्यासाठी असतो. मोजणारा माणूस मला आवडतो.

यंदा त्याच्या गाण्याला स्पॅनिश गीतकारांचा पुरस्कार मिळाला. गाणं निघण्याआधी कोणाचा वाटा किती टक्के, ते कागदावर लिहून सह्या घेतात. त्याचे चाळीस होते. त्यातले वीस मेक्सिकोतल्या बहिणीच्या नावावर टाकल्याशिवाय तो सही करेना. ‘आधी जेव, मग रड,’ हे धृपद म्हणजे तिचं फोनवरचं नेहमीचं वाक्य होतं.

“अरे, निम्मं गेलं की तुझं,” मी तेव्हा म्हणालो होतो.

“अमिगो, बोलली ती. मी नुसतं ऐकलं.”

आता भिंतीवर सन्मानचिन्ह लागलंय. मुलीने जवळ जाऊन वाचलं. “बाबा, राँग नेम! हे कुठल्यातरी लेडीचं आहे.”

“बहिणीचं आहे,” तो हसला. “माझं तिच्या घरी आहे. ती शेजाऱ्यांना भाऊ दाखवते, मी गिऱ्हाइकांना बहीण.”

मी त्याला एकशे ऐंशी डॉलर दिले. पावतीच्या मागे त्याने नवी ओळ खरडलेली होती, म्हणून पावती त्यालाच परत केली.