माझ्या पाठीच्या मापाची पिशवी

बायका सवतीवर जळतात, जावेवर जळतात. मी माझ्या नवऱ्यावर जळत होते. कारण साधं होतं. माझं सासर बारामतीला, माहेर इंदापूरला, आणि माझ्या माहेरी माझ्यापेक्षा हेच जास्त वेळा जात होते.

एकोणीसशे तीस उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. हे शाळामास्तर होते. शाळेतल्या दुसऱ्या एका मास्तरांच्या संगतीनं यांना सायकलवर भटकायचा नाद लागला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघं कॅनॉलच्या कडेनं निघायचे, वाटेत बाभळीचे काटे काढत, पंक्चर जोडत. मुक्काम ठरलेला, माझ्या आईच्या घरी. रविवारी दिवस मावळायच्या आत परत. मी मात्र मुराळी आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही अशी आमच्या घरची रीत. मुराळी म्हणजे न्यायला येणारा माहेरचा माणूस. माझा भाऊ एकुलता. कधी त्याच्या पाण्याची पाळी असायची, कधी बैलाचा पाय दुखायचा. पंचमीला गेले होते ती शेवटची. दिवाळीसुद्धा सासरीच गेली.

हे परत आले की मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं उभी राहायची.

"आई काय म्हणली?"

"बरी हाय का, म्हणून विचारलं तुला."

"आनि?"

"आनि काय? धपाटी केली हुती. लोण्याचा गोळा हा एवढा वाढला."

आणि मग अर्धा तास चाकाच्या तारांबद्दल. माझ्या आईच्या हातची धपाटी खाऊन आलेला माणूस मला तारा सांगतोय, असा राग यायचा की तांब्या तिथंच आपटावा. एकदा धीर करून मी विचारलं, "मागं क्यारेजवर बसून येऊ का मी?" हे म्हणाले, "लोक काय म्हनतील?" आणि साखळी पुसत बसले.

त्या हिवाळ्यात यांना पिशवी हवी झाली. आधी हे कापडी झोळी मागं बांधून न्यायचे. ती एकदा सुटली आणि कॅनॉलात पडली. धोतर गेलं, भाकरी गेली, पंप गेला. सोबतच्या मास्तरांकडं पुण्याच्या जुन्या बाजारातली, पलटणीतल्या शिपायांची खाकी पाठपिशवी होती. दोन्ही खांद्यांत पट्टे अडकवायचे की हात मोकळे. तिच्याकडं हे ज्या नजरेनं बघायचे ती नजर मी ओळखत होते. मीही यांच्याकडं तसंच बघायची. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. गुरुवारच्या बाजारातून एक चामडी पिशवी आणली. रिकामीच इतकी जड, की परत केली. मग पोत्याची करून बघितली, तिनं पाठ सोलली. शेवटी यांनी मुलांच्या वहीतल्या कागदावर चित्र काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. कापड घोंगडीचं, म्हणजे पावसात दम धरील. तळाला चामडं. वरून झाकण. बाहेर पंपासाठी खिसा.

"तू शीव," म्हणाले. "तुझा हात चांगला हाय."

यांना माझ्या माहेरी जायला पिशवी मीच शिवायची. तरी मी हो म्हटलं, कारण माझाही मतलब होता. पिशवी मोठी झाली तर आईला काही धाडता येईल, तिकडून काही येईल.

चामड्याला अडचण नव्हती. कॅनॉलाचं पाणी आल्यापासून आमची मोट गोठ्यात नुसती लटकत होती. तिचाच तुकडा कापला. अडचण मापाची होती. दिवसाढवळ्या, आत्याबाई ओट्यावर बसलेल्या असताना, नवऱ्याच्या पाठीला सुतळी लावून माप कसं घ्यायचं? आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्यासमोर आम्ही एकमेकांशी धड बोलतसुद्धा नव्हतो. हे तसे किडकिडीत. मी विचार केला, माझ्याहून असे किती मोठे असणार? कोठीत गेले, सुतळी स्वतःच्याच खांद्यावरून काखेखाली फिरवली, दोन गाठी मारल्या. चपला शिवणाऱ्या तात्यांनी त्या गाठींबरहुकूम पट्टे कापून मेणाच्या दोऱ्यानं पक्के शिवून टाकले.

शनिवारी हे निघायला उभे राहिले आणि पिशवी अंगात जाईना. एक हात गेला, दुसरा काखेत अडकला. सोबतचे मास्तर हसून हसून सायकलीवरून उतरले. आत्याबाई पदरात तोंड घालून हसल्या. मला रडू आलं. यांनी पिशवी हँडलला अडकवली आणि गेले. मी आत जाऊन पीठ मळत बसले, आणि मनात म्हटलं, आता तिकडं जाऊन आईलाही सांगतील माझी फजिती.

सांगितलीच. रविवारी आल्यावर, मी न विचारताच, हे म्हणाले, "तुज्या आईनं पिशवी मांडीवर घेतली. म्या म्हनलं, लेकीनं शिवली, माप चुकलं तिचं. तर त्या म्हनल्या, चुकलं न्हाय, हे तिचंच माप हाय."

"मग?"

"मग पट्ट्यांत हात घालून बघितलं. वीत लावून बघितली. म्हनल्या, माजी पोर एवढीच ऱ्हायली व्हय?" यांनी पिशवी खुंटीला लावली. "आनि रडल्या."

माझी आई माझ्यासाठी रडली, आणि ते बघायलाही हेच होते.

बुधवारी भाऊ गाडी जुंपून दारात. पाण्याची पाळी असताना आला होता. "आईनं जेवन सोडलंय," म्हणाला. "म्हनती, ताईला आन, मग जेवीन." आत्याबाईंना नाही म्हणायला जागा राहिली नाही.

इंदापुरात आईनं मला दारातच पाठमोरी केली आणि माझ्या पाठीवर वीत टाकली. मी मुळातच बारीक अंगाची, लग्नातही तेवढीच होते. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं वीत टाकली, मग तळहात तसाच पाठीवर ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. आणि मग म्हणाली, "जावयबापूंचा खांदा सोलला तर न्हाय न्हवं?"

माझं डोकं पुन्हा फिरलं. पण धपाटी माझ्या ताटात होती.

मी पंधरा दिवस राहिले. यांनी तेवढ्यात तात्यांकडून पट्टे उसवून वाढवून घेतले, आणि पिशवी छान बसली. पुढं दोन वर्षं ती इंदापूरला जात राहिली, मी पुन्हा मुराळ्याची वाट बघत राहिले. मग तळ फाटला. यांनी नवा कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "या वक्ताला माप नीट घे." आत्याबाई शेतावर गेल्या होत्या. हे माझ्यापुढं पाठ करून उभे राहिले.

मी माप घेतलं. मग कोठीत गेले, यांच्या मापाच्या गाठी सोडल्या, सुतळी माझ्या पाठीला लावली, आणि नव्या गाठी माझ्या मापाहूनही दोन बोटं आत मारल्या.