कूलरपुढचं मीटर

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी लिहून टाकतो. त्या उन्हाळ्यात आमच्या गॅस मिसळायच्या पाइपात काही बिघाड नव्हता. चुकत होतो मी, आणि ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.

माझा मित्र पाणबुड्या आहे. धरणाची दारं तपासणं, गाळात रुतलेले पंप काढणं, अशी त्याची कामं. हवेत थोडा जास्तीचा ऑक्सिजन मिसळला की पाण्याखाली जास्त वेळ थांबता येतं. पण तशी टाकी वर्ध्यात कोण भरून देणार? म्हणून सिंदी मेघेतल्या माझ्या शेडमध्ये त्यानं स्वतःच जुगाड बसवलं. प्लास्टिकचा जाड पाइप, आत भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या कोंबलेल्या. एका तोंडानं हवा आणि ऑक्सिजन आत शिरायचे, घासण्यांतून घुसळत कॉम्प्रेसरकडे जायचे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मापाची सवय, म्हणून ऑक्सिजन मोजायच्या मीटरचं काम माझ्याकडे.

टाकी भरण्याआधी मीटर लावावं लागे, म्हणजे साध्या हवेत धरून त्याचा आकडा वीस पूर्णांक नऊवर आणावा लागे; हवेत ऑक्सिजन तेवढेच टक्के असतो. त्याची ताकीद होती, "बाहेर ओट्यावर जाऊन लावजो. अंदर नको." मे महिना. ओट्यावर भाकरी भाजली असती. मी आपला आत, कूलरच्या वाऱ्यात बसून लावायचो.

शेडमध्ये टाकीत बत्तीस टक्के दिसायचे. धरणाच्या काठावर, उतरण्याआधी, तो मीटर नव्यानं लावून पुन्हा मोजायचा, तर एकोणतीस. खाली आपण काय ओढणार हेच ठाऊक नसेल तर माणूस उतरणार कसा? तो दोनदा कोरडाच परत आला.

"पाइपच भिकार हाय बे," तो म्हणाला. "माह्याच हाताचा दोष. नीट मिसळूनच नाई राह्यलं."

"असेल," मी म्हणालो. मी तसाही कमी बोलतो.

त्यानं साबणाचा फेस लावून सांधा न् सांधा तपासला. घासण्या दुप्पट केल्या. त्याची बायको चहा घेऊन आली ती भांडायलाच.

"भावजी, मी भांडे कायनं घासू? घरच्या साऱ्या घासण्या ह्यायच्या पाइपात गेल्या."

"भांडे धरणावर आणजो," तो म्हणाला, "खाली बसून घासून देतो."

"आधी खाली उतरा तर."

तिसऱ्या दिवशी कूलरचं पाणी संपलं होतं. आळसानं मी भरलं नाही. त्याच जागी मीटर लावलं आणि परत आलेली टाकी मोजली. एकोणतीस. मग कूलर भरला, मीटर पुन्हा लावलं, तीच टाकी बत्तीस दाखवू लागली. ओल्या वाऱ्यात मीटर दमट होऊन कमी दाखवायचं, मी त्याचा आकडा ओढूनताणून वर आणायचो, आणि टाकीतला कोरडा गॅस मग उगाच जास्त दिसायचा.

सांगायला बाहेर आलो तर तो करवतीनं पाइप कापत होता. लोक माझ्याकडे मोटारी आणतात ते माझ्या मापावर भरवसा ठेवून. मी तोंड मिटलं. करवत चालू राहिली.

त्यानं नवा पाइप केला. मी गुपचूप ओट्यावर जाऊन मीटर लावू लागलो. शेडमध्ये बत्तीस, काठावरही बत्तीस. तो उतरला, दाराचं काम करून वर आला आणि हसत म्हणाला, "पाह्यलं बे? पाइप असा पायजे."

नंतर मला मोटारसायकलवर बसवून गिरडला घेऊन गेला. टेकडीवर दर्ग्यात साखर चढवली, बराच वेळ हात जोडून उभा राहिला. उतरताना मी विचारलं, "येवढं काय मागितलं?"

"मांगतो काय? माफी मांगितली. म्या बेकार पाइप बनवलता, अन् तुले आठ दिवस उन्हात राबवलं."

वाटेत वडे खाल्ले, तेही त्यानंच खाऊ घातले. आजही कुणी विचारलं तर तो आपला पहिला पाइप कसा फसला ते रंगवून सांगतो आणि मीही हसतो.

पहिला पाइप चांगला होता, चूक माझी होती, एवढं त्याला तोंडावर सांगणं आणि त्याची माफी मागणं माझ्याकडून अजून बाकी आहे.