थर्माकोलचा चेक

तुळजा काही येताजाता थुंकणारी बाई नव्हे. वडप्याच्या गोडाऊनमध्ये दिवसभर साबणाच्या खोक्यांना चिकटपट्टी मारायची, हायवेची धूळ गिळायची, सुपरवायझर वेडंवाकडं बोलला तरी मान खाली घालून काम उरकायचं, असाच तिचा जन्म चाललेला. नवरा मोरू हमालीत कंबर मोडून घरी बसलेला. पण आता केसरीनाथ शेठचं नाव कुणी काढलं, की ती आधी बाजूला थुंकते आणि मग बोलते. का, ते ऐका.

तिची पोर रूपा. एकुलती एक, आणि डोक्यानं अशी तेज की शाळेतल्या बाई म्हणायच्या, ही पोर खोकी चिकटवायची नाही. बी.कॉम. झाली आणि सी.ए.च्या मागं लागली. भिवंडीत एका सरांच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ नोकरी, करायची. तिथं जे मिळायचं ते बसच्या पासात आणि पुस्तकांत जायचं. आता नोव्हेंबरची परीक्षा तोंडावर आली, आणि तिची फी काही मोरूच्या कंबरेतून निघणार नव्हती.

केसरीनाथ शेठ म्हणजे कोण? बापजाद्यांच्या भातखाचरांवर गोडाऊनं उभी राहिली आणि भाडं खाता खाता मोठा झालेला माणूस. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, नावाचं एक प्रतिष्ठान. एकदा इन्कम टॅक्सच्या नोटिशीतून कुणा सी.ए.नं त्याला सोडवलं होतं, तेव्हापासून देवाच्या खालोखाल सी.ए.! म्हणून नाक्यावर बॅनर लावला होता: 'गरीब होतकरू मुलांची सी.ए. परीक्षा फी प्रतिष्ठान भरणार.' अक्षरं बोटाएवढी, शेठचं तोंड म्हशीएवढं.

तुळजा नारळ घेऊन गेली. शेठ झोपाळ्यावर बसला होता.

"दिलं समज," शेठ म्हणाला. "तुजी पोर ती माजी पोर. जा, बेफिकीर रहा."

तुळजाचे डोळे भरून आले. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या माणसानं शब्द दिला की तो नारळ फोडल्यासारखा. परत आठवण करायची नाही, आणि दुसऱ्या दारात तर जायचंच नाही. कुळाची लाज जाते म्हणे. कुणाच्या कुळाची, ते कधी कुणी विचारत नाही!

पंधरवड्यानं रूपा घरी आली ती उड्या मारतच. "आई, सर म्हणाले, फी मी भरतो. पुढं पगारातून थोडी थोडी कापून घेईन."

तुळजा कडाडली, "काय गरज न्हाय! शेठनी शब्द दिलाय. आता दुसरीकडं हात पसरला तर त्यांच्या शब्दावर थुकल्यावानी व्हईल."

"अगं, पण फॉर्मची तारीख..."

"शेठला तारीख ठाव हाय."

शेठला काय ठाव होतं, ते देवच जाणे. साधी तारीख गेली. लेट फीची आली. रूपा रोज रात्री आईच्या तोंडाकडे बघायची आणि तुळजा भांडी जोरात आपटायची. शेवटी लेट फीच्याही शेवटच्या दिवशी, रीत गेली खड्ड्यात असं म्हणून, तुळजानं अर्धी ड्युटी सोडली आणि शेठचं दार गाठलं. बँकेतून ड्राफ्ट काढायचा, पोस्टात टाकायचा, दुपारच्या आत सगळं उरकायचं होतं.

दारात लडकू. हा शेठचा उजवा हात. डावा फक्त खिशात घालायला. "शेठ जेवून झोपलेत," तो म्हणाला. "उठवलं तर भडकतील."

तुळजा पायरीवर बसून राहिली. ऊन सरकलं, बँक बंद झाली, पोस्ट बंद झालं. मग शेठ ढेकर देत बाहेर आला.

"अगं येडे, आज कुठं? पुढल्या आठवड्यात माजा वाढदिवस हाय ना! स्टेजवर देनार. फोटोवाला सांगितलाय, बँजो सांगितलाय. आज दिलं तर स्टेजवर काय देऊ, तुजा नारळ?"

"शेठ, तारीख आजच हाय. आज गेली तर पोरगी सहा महिनं मागं पडंल."

"तारखा काय गं, पुढं ढकलतात. मी फोन लावतो एकाला."

कुणाला लावणार होता? सी.ए.ची परीक्षा काय त्याच्या मेव्हण्याच्या अंगणात होती? नोव्हेंबरची परीक्षा हातची गेली. रूपा आईशी भांडली नाही, हे तर आणखी वाईट. गप्प जेवायची, गप्प ऑफिसात जायची. तुळजाला वाटायचं, पोरीनं दोन शिव्या घातल्या असत्या तर घास तरी गिळता आला असता.

वाढदिवसाला दारात जीप आली. रूपा म्हणाली, "मी येणार नाही." तुळजानं ओढून नेली, म्हटलं, पैसे मिळाले तर मे महिन्याच्या परीक्षेला होतील. भोळी बाई, काय बोलायचं! स्टेजवर केक, बँजोचा धिंगाणा, शेठच्या गळ्यात माणसापेक्षा जड हार. मग चार माणसांनी मिळून एक थर्माकोलचा चेक आणला, दरवाजाच्या फळीएवढा. कोपऱ्यात छापलेला शेठ हसतोय, मधे रूपाचं नाव. फोटो निघाले. एकदा नाही, तीनदा, कारण पहिल्यात शेठचे डोळे मिटले होते. रूपाला वाकून पाया पडायला लावलं. पोरीच्या मानेवरची शीर उडताना तुळजाला खालून दिसली.

दुसऱ्या दिवशी ती खरा चेक मागायला प्रतिष्ठानात गेली.

लडकू खुर्चीतून न उठता म्हणाला, "फी भरल्याची पावती आन, मग चेक निघतो. नियम हाय."

"अरं, तुमी दिलं न्हाय म्हनून तर फी भरली न्हाय!"

"मंग आमी कशावर देनार?" असं म्हणून त्यानं सुपारी कातरायला घेतली.

शी! ऐकताना सुद्धा किळस येते. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. आठवड्यात वडपे नाक्यावर नवा बॅनर लागला: 'प्रतिष्ठानच्या सहकार्याने सी.ए. झालेली आमची कन्या रूपा हिचं हार्दिक अभिनंदन.' झालेली! जी परीक्षेला बसलीच नाही, ती झाली! गोडाऊनमधल्या बाया पेढे मागायला लागल्या. रूपा नाक्याच्या अलीकडेच बसमधून उतरून शेतातून घरी यायला लागली.

स्टेजवरून घरी आलेला थर्माकोलचा चेक तुळजानं परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. कोंबड्या त्याच्यावर बसायच्या आणि कोंबड्या जे करतात ते शेठच्या तोंडावर करायच्या. तुळजानं ते कधी पुसलं नाही.

मग रीत मोडून ती स्वतः सरांच्या ऑफिसात गेली, हात जोडून. सरांनी फी भरली, पगारातून कापून घेतली. मे महिन्यात रूपा बसली आणि परीक्षेच्या दोन ग्रुपांपैकी एक निघाला. निकालाच्या दिवशी मायलेकी बऱ्याच महिन्यांनी एका ताटात जेवल्या.

श्रावण आला तसा लडकू पुन्हा दारात. "तो चेक हाय ना? दे. यंदा परत लागनार."

"परत?"

"नाव तेवढं बदलायचं. यंदा कमळच्या निशाचा सत्कार हाय. नवा बोर्ड करायला पैसे पडतात की."

तुळजानं परसाकडं बोट केलं. "कोंबडी बसलीय अंड्यावर," ती म्हणाली. "उठली की देते." लडकू कुरकुरत गेला.

कमळ म्हणजे तिच्याच शेजारी उभी राहून खोकी भरणारी, पलीकडच्या आळीतली; तिची पोर निशाही सी.ए.च्या मागं लागलेली. संध्याकाळी तुळजा तिच्या दारात गेली. "कमळ, निशाची फी भरली का?"

"शेठ देनार हायेत गं."

"तारीख हाय का ठाव? रूपाच्या सरांना इचार, तिची त्यांनीच भरली."

कमळनं कानाला हात लावला. "नको बाय! शेठनी शब्द दिलाय. आता दुसरीकडं हात पसरला तर त्यांच्या शब्दावर थुकल्यावानी व्हईल."

तुळजाला आपलंच वाक्य कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.  ती तशीच वळली, आपल्या परसात गेली, कोंबडी हुसकली आणि तो बोर्ड डोक्यावर घेऊन आळीतून भर गर्दीत चालत आली. कमळच्या उंबऱ्याला तो टेकवला. रूपाच्या नावावर, शेठच्या हसऱ्या दातांवर वर्षभराची घाण वाळून बसली होती.

"ह्यो घे," ती म्हणाली. "उद्याच्याला बँकेत ने. वटला तर मला सांग."

मग ती बाजूला खच्चून थुंकली.

कमळनं बोर्डाकडं बघितलं, नाकाला पदर लावला, पुन्हा बघितलं. आत जाऊन निशाला हाक मारली आणि पायात चपला सरकवत तुळजाला म्हणाली, "रूपाचे सर अजून ऑफिसात असतील का गं?"